कॅननची अर्धी ओळ

इनास,

तुझा झगा अजून माझ्याच ट्रंकेत आहे. परवा डांबरगोळ्या बदलायला म्हणून ट्रंक उघडली आणि झगा मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. सुमन बाजारातून येईपर्यंत स्टोव्हवरच्या डाळीचा कोळसा झाला होता. तू असतास तर कुंपणापलीकडून ओरडला असतास, "वसंता, आज घरात होम काय रे?" परवा कोणीच ओरडलं नाही. सुमनने पातेलं घासायला घेतलं.

रविवारी तुला जाऊन महिना होतो, त्याचा देवळात मिस्सा आहे. फिलू आली होती. म्हणाली, "भावजी, तुमी कायतरी लिवा. फादर वाचून दाकवतील." मी विचारलं, "काय लिहू?" तर म्हणाली, "जन्म नि नोकरी नका लिवू. ता कार्डावर छापलाय." तुझी बायको तुझ्यासारखीच. सांगेल ते अर्धं, उरलेलं समोरच्याने समजून घ्यायचं.

मलाही दुसरं काय येतं? इतकी वर्षं मी तुझ्यासाठी संवाद लिहिले, तुझ्याबद्दल कधी एक अक्षर लिहिलं नाही. म्हणून तुझ्याशीच बोलतो. ऐकणाऱ्यांनी ऐकावं. त्यांत आता नव्या बिल्डिंगमधले लोकही असणार, तेव्हा तुला पाठ असलेल्या चार गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील. सवयीप्रमाणे मधे मधे चुका काढू नकोस.

आपल्या गावठाणात क्रुसाच्या मागे एक पडकी भिंत आहे. तिला सगळे कॅननची भिंत म्हणतात. कॅनन म्हणजे बिशपच्या मोठ्या देवळात नेमलेला पाद्री. देवळात समोरासमोर दोन रांगा, त्यांत प्रत्येकाची ठरलेली खुर्ची. दिवसाच्या नेमलेल्या वेळी तिथे जाऊन बसायचं आणि प्रार्थना म्हणायची, हे त्याचं मुख्य काम. एका रांगेने अर्धी ओळ म्हणायची आणि थांबायचं. उरलेली अर्धी समोरच्या रांगेने पुरी करायची. तुझ्या आजीने तुला सांगितलेली गोष्ट अशी, की पोर्तुगीजांच्या काळी दों आल्वारो नावाचा एक सरदाराचा मुलगा गोव्याच्या मोठ्या देवळात कॅनन झाला. हा धाकटा. जहागीर थोरल्याला गेली म्हणून याला देवाला वाहिला, देवाची ओढ होती म्हणून नव्हे. डोक्यावर छत्री धरायला नोकर, अंगात मखमलीचा झगा, आणि आपली खुर्ची पुढची की मागची यावरून रोजची भांडणं. पुढे मुंबईच्या साष्टी बेटातल्या, देवळाला भात देणाऱ्या गावांची पाहणी करायला तो इकडे आला आणि साथीत अडकला. बरोबरचे पाद्री एकेक करून गेले. तो एकटा उरला. वेळ झाली, त्याने आपल्या रांगेत बसून अर्धी ओळ म्हटली आणि थांबला. समोरची रांग रिकामी. समोरून उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही हा नियम. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच अर्धी ओळ, पुन्हा थांबणं. असं किती दिवस चाललं कोण जाणे. शेवटी दाराबाहेर उभ्या असलेल्या गावच्या माणसांनी आपल्या बोलीत ती ओळ पुरी केली. तो पुन्हा गोव्याला गेला नाही.

मागच्या फादरनी आपल्याला स्पष्ट सांगितलं होतं, की असा कोणी कॅनन होऊन गेल्याचं कुठे आढळत नाही. तू म्हणालास, "फादर, माझी आजीपण आता कुठे आढळत नाय. म्हणजे ती नव्हती काय?" फादर हसले आणि क्रुसाच्या सणाला नाटक करायची परवानगी दिली.

नाटक लिहायचं माझ्यावर आलं, कारण आपल्या कारखान्याच्या स्नेहसंमेलनात मी एक फार्स लिहिला होता. विक्रोळीत सगळ्यांना वाटायचं हा मोठा नाटककार. मी मालवणकडचा. दशावतार बघत वाढलेला. माझ्यासाठी राजा म्हणजे मुकुट, कलाबतू आणि मांडीवर थाप. तुझ्या सरदाराची पहिली एंट्री मी तशीच लिहिली. "कोण आहे रे तिकडे? प्रधानजी!" वाचून तू बसमध्ये इतका हसलास, की पवई तलाव आला नि गेला, तुझं हसू थांबेना. "अरे, पाद्री आहे तो! गदा देतोस काय त्याच्या हातात?" मी चिडून मालवणीवर गेलो, "गदा नाय, तलवार! सरदार असा मा तो?" मग तू शांतपणे सांगितलंस, हे लोक मिजास कशी करतात ते. आवाज चढवत नाहीत. नुसते दारात उभे राहतात आणि कोणीतरी खुर्ची पुढे करेपर्यंत बसत नाहीत. तुला ते बरोबर ठाऊक होतं. तू स्वतः तसाच होतास. तुम्हा लोकांच्या शेतीची वाट लागली, तू कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलाला जुंपला गेलास, पण पँटची इस्त्री मोडली म्हणून बस सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

झगा फिलूने शिवला, चोरबाजारातून आणलेल्या मखमली पडद्याचा. एका बाजूला पडद्याच्या कड्यांची भोकं होती, तिथे तिने जरीची फुलं काढली. ती फुलं अजून तशीच आहेत.

आपलं भांडण मात्र शेवटावरून होतं. मी तुला म्हणायचो, ही गोष्ट खोटी आहे. माझा आजा खोताचं कूळ होता. खोत ओसरीवर बसून काहीही म्हणाला तरी खालचे मान हलवायचे, पण मनातून कोणी त्याला उत्तर देत नसे. ज्याच्या देवळासाठी आपल्या कणगीतलं भात जातं त्या सरदाराची ओळ गावाने का पुरी करावी? तू म्हणायचास, "त्याला नाय रे दिलं उत्तर. अर्ध्या ओळीला दिलं." मी म्हणायचो हे शब्दांचे खेळ झाले. तू म्हणायचास, "वसंता, कोणी दारात येऊन अर्धंच बोलून थांबला, तर तो आवडता असो की नावडता, माणसाच्या तोंडून उरलेलं निघतंच." एकदा हे सिद्ध करायला तू भर बसमध्ये मोठ्याने म्हणालास, "उजेड थोडा उरलाय, देवा…" आणि थांबलास. कंडक्टर ओरडला, "ओ, पुढे सरका!" सगळी बस हसली. तू मला कोपर मारून म्हणालास, "बघ, आलं की नाय उत्तर?"

ती ओळ मात्र झकास जमली होती, हे तूही मान्य करायचास. लॅटिन मला येत नव्हतं आणि कुणाला कळलंही नसतं, म्हणून मी आपल्या भाषेत लिहिली. कॅननने म्हणायचं, "उजेड थोडा उरलाय, देवा." आणि गावाने म्हणायचं, "तेवढ्यात आम्ही घर गाठू."

पहिल्या वर्षी काय झालं ते गावठाणात अजून सांगतात, पण खरं कारण फक्त तुला आणि मला ठाऊक. तुझं म्हणणं होतं, उत्तर द्यायला स्टेजवर कोणालाच उभं करायचं नाही. समोर बसलेल्या लोकांतूनच ते आलं पाहिजे. नाही आलं तर कॅनन थांबेल. मी म्हटलं, नाटक आहे की उपोषण? तू ऐकलं नाहीस. तालमीत मी उत्तराची ती ओळ लिहून ठेवली होती, नुसती आपली सोय म्हणून. सणाच्या संध्याकाळी तू त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलास, "उजेड थोडा उरलाय, देवा" म्हणालास आणि थांबलास. मी ताडपत्रीमागे हातात कागद घेऊन प्रॉम्प्टर. तू थांबलास. अजून थांबलास. दशावताराच्या रंगात नट गप्प बसला म्हणजे तो विसरला, एवढंच मला ठाऊक. मी घसा फाडून ओरडलो, "तेवढ्यात आम्ही घर गाठू!"

ताडपत्रीमागून आलेला तो आवाज लोकांना काय वाटला देव जाणे. पुढे चटईवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी क्रुसाची खूण केली आणि माझ्यामागून म्हणाल्या, "तवऱ्यान आमी घर गाठू." मग पोरंसोरं, मग सगळं पटांगण. बायकांनी डोळे पुसले. पडदा पडल्यावर तू आत आलास तो लालबुंद होऊन. "माझी वेळ खाल्लीस तू!" "मला वाटलं तू विसरलास!" "कॅनन विसरत नसतो, मेल्या!" माझी शिवी तू मलाच दिलीस. पण दुसऱ्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधीच लोक येऊन सांगून गेले, तो पडद्यामागचा आवाज ठेवा हां, भारी होता. झालं. तेव्हापासून मी समोरची रांग झालो. मालवणचा हिंदू, ताडपत्रीमागे, गंजी घालून.

दर वर्षी तू म्हणायचास, "यंदा तू गप्प राहून बघ." दर वर्षी मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी." लोकांना वाटायचं ही आपली थट्टा. मलाही वाटायचं. ती थट्टा केव्हा संपली ते मला ठाऊक आहे. दुमिंगच्या पोरीच्या लग्नात.

दुमिंग तुझा चुलतभाऊ. तोही रविवारी मिस्साला असणार. असू दे. झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. क्रुसाजवळचं तुमचं सामाईक भातशेत बिल्डरला द्यायचं ठरलं आणि तू सही करायला नाही म्हणालास. तुझं म्हणणं होतं, या शेतात आपले आजे राबले. दुमिंगचं म्हणणं होतं, आता तिथे गटाराचं पाणी साचतं आणि त्याच्या पोरांना राहायला खोली नाही. खरं सांगू? दोघांचंही बरोबर होतं. मी तुला तसं म्हणालोही होतो, आणि तू पुढचे दोन दिवस बसमध्ये वेगळ्या सीटवर बसलास. शेवटी शेत गेलंच. बिल्डिंग उभी राहिली. पण तुझ्यामुळे सगळं अडकून पडलं, हे भावकीने धरून ठेवलं. गावठाणात तुझ्याशी बोलणारे कमी झाले.

मग ते लग्न. तुमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी भावकी बँड लावून नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जाते. घरातला वडीलधारा माणूस पुढे. त्या दिवशी पुढे चालायचा मान तुझा होता. तू संध्याकाळपासून कोट घालून, केस चापून, व्हरांड्यात बसला होतास. मी शेजारी. बँड आला, तुझ्या दारावरून गेला, विहिरीकडे वळला. कोणी थांबलं नाही. फिलू आत जाऊन भांडी आवरायला लागली, नको तेवढा आवाज करत. तू म्हणालास, "वाजवतात बेसूर." कोट तू रात्री जेवतानाही काढला नाहीस.

त्या वर्षी सणाच्या आधी तू मला म्हणालास, "वसंता, यंदा खरंच गप्प राहा. मला बघायचंय." मी हो म्हणून मान हलवली. आणि वेळ आली तेव्हा ताडपत्रीच्या फटीतून पाहिलं, तर पहिल्या रांगेत दुमिंग आणि त्याची माणसं हाताची घडी घालून बसलेली. तू अर्धी ओळ म्हटलीस. थांबलास. मी ओरडलो. त्या वर्षी नेहमीपेक्षा लवकर ओरडलो.

तू विचारलंस, "का?" मी म्हणालो, "सवय रे." इनास, सवय नव्हती. मला तुझा दुखावलेला चेहरा त्या खुर्चीवर, एवढ्या लोकांसमोर, उत्तर न येता बसलेला बघवला नसता. तुझा गावावर विश्वास होता. माझा नव्हता, आणि मला तुझा विश्वास मोडलेला बघायचा नव्हता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणाला असतास, "मला सांभाळायला तू कोण? प्रधानजी?" म्हणून नाही सांगितलं. आणि मग दर वर्षी तेच करत गेलो.

या पास्काच्या, ईस्टरच्या आधी तुझी छाती भरली. हॉस्पिटलमध्ये आलो तेव्हा तुझ्या नाकाला नळी होती आणि एका वाक्याला तुला दोनदा श्वास घ्यावा लागत होता. मी संत्री सोलत होतो. तू म्हणालास, "यंदा… गप्प?" मी म्हणालो, "आधी बरा हो, मग बघू." तू डोळे मिटून हसलास. "तेच… तू नेहमी… मधेच बोलतोस." फिलूने मला खूण केली, आता जाऊ दे. मी संत्र्याची फोड तुझ्या हातात दिली. तू ती खाल्ली नाहीस, पण मी निघेपर्यंत धरून ठेवलीस.

तू गेलास त्या दिवशी, तुला झगा घालून न्यायचं का, म्हणून मी ट्रंकेतून काढून घेऊन आलो होतो. फिलू म्हणाली, "नको. झगा कॅननचा हाय. माजा इनास कोटात जाल." तोच कोट. उंबराच्या पाण्याच्या दिवशीचा. तिने ब्रशने झाडून झाडून त्याचा एक धागा वर राहू दिला नाही. तुला कोटात बघून मला कोणी सांगितलं असतं, की हा दारात उभा आहे, खुर्ची पुढे करा, तर मी केली असती.

सिमेट्रीत गर्दी होती, हे तुला सांगायलाच हवं, कारण लोक येतील की नाही, असं म्हणतच तू गेलास. सगळे आले होते. कारखान्यातले, गावठाणातले, बिल्डिंगमधले. दुमिंग मागे भिंतीला टेकून उभा होता, पुढे येत नव्हता. फादरची प्रार्थना झाली. माती टाकून झाली. ऊन उतरलं होतं, लोक निघायच्या बेतात होते. तेवढ्यात फिलू, जी कधी स्टेजच्या पायरीवर चढली नाही, तिने खड्ड्याकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हटलं, "उजेड थोडा उरलाय, देवा."

आणि थांबली.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. साहजिकच होतं. समोरची रांग मी. मी तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. मी तुझं ऐकून गप्प राहिलो असं खोटं सांगणार नाही. नुसता आ वासून उभा होतो. फिलू थांबली होती. तू स्टेजवर कधी थांबला नसशील एवढी थांबली. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही बाई या लोकांसमोर अशीच उभी राहणार, आणि मी काही करू शकत नाही.

मग मागून, भिंतीकडून आवाज आला. जाडाभरडा, सर्दी झाल्यासारखा. "तवऱ्यान आमी घर गाठू."

दुमिंग होता, इनास. एकटा म्हणाला आधी. पुरता म्हणालाही नव्हता तोवर बायकांनी उचललं, मग कारखान्यातले, मग ज्यांनी नाटक एकदाच पाहिलं असेल ते बिल्डिंगमधले. माझा आवाज त्यात नव्हता. पहिल्यांदाच मी ते बाहेर उभा राहून ऐकलं. मी आजवर समजत होतो की मी म्हणतो म्हणून लोक म्हणतात. तसं नव्हतं. तू म्हणत होतास ते खरं होतं आणि ते बघायला तू तिथे नव्हतास. एवढी वर्षं बसमध्ये भांडलास, आणि जिंकलास त्या दिवशी माझ्या तोंडावर हसायला हजर नाहीस. याचा मला फार राग आहे. आणि रागाखाली काय आहे ते तुला ठाऊक आहे.

डांबरगोळ्या हे निमित्त होतं. परवा सकाळी दुमिंग माझ्याकडे आला होता. दारातच उभा राहिला. मी खुर्ची पुढे केली तेव्हा बसला. पंख्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, सणाचा नाटक बंद करायचा नाय. त्यो झगा मना होईल काय?" होणार कसा? तो तुझ्या दीडपट. मी म्हटलं, मी देणारा कोण, फिलूला विचार. संध्याकाळी तो तुझ्या घरी गेला. मी कुंपणातून बघत होतो. ती आत गेली, माप घ्यायची टेप घेऊन आली, त्याला पाठ फिरवायची खूण केली आणि खांद्यापासून माप घेतलं. घरात परत जाताना मला ओरडून म्हणाली, "भावजी, झगा पाठवा. दोन्ही बाजू उसवाव्या लागतील."

उद्या नेऊन देतो. तू मला विचारशील, दुमिंगला ते थांबणं जमेल का? मला नाही वाटत. घाई करेल तो. तालमीत सांगू त्याला. पण ताडपत्रीमागे यंदा दुसरं कोणीतरी बसेल, नाहीतर कोणीच नाही. मी समोर चटईवर बसणार आहे, फिलूच्या शेजारी. दुमिंग अर्धी ओळ म्हणेल आणि थांबेल, तेव्हा मीही थांबेन. मग सगळ्यांबरोबर म्हणेन. सगळ्यांच्या आधी नाही.